डावऱ्या डॉक्टरणीचा पिक्चर

आमच्या घरात माणसं चार होती आणि मोकळे हात सात.

आठवा हात माझ्या मुलीचा, मंगलचा. तो रोज संध्याकाळी सहा ते सात तिच्याच लाल रिबिनीनं खुर्चीच्या पायाला बांधलेला असायचा. मंगल डावरी होती. बांधणारे माझे सासरे, मामंजी. मामंजी साताऱ्याकडच्या एका गावात पस्तीस वर्षं मास्तर होते, त्यातली शेवटची काही वर्षं हेडमास्तर. आपल्या शाळेतून एकही डावरं पोर डावरं म्हणून बाहेर पडलं नाही, असं ते छाती काढून सांगायचे. आणि पेन्शन घेऊन वाशीला आमच्याकडे राहायला आले, तर घरातच डावरी नात! म्हणजे वैद्याच्याच घरात खोकला!

ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा वाशी म्हणजे चार इमारती, मग चिखल, मग पुन्हा चार इमारती. आम्ही दुसऱ्या चारांपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे रबाळ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. मंगलच्या हाताबद्दल यांचं मत काय होतं, असं कुणी विचारेल. यांना मत नव्हतं. मत ठेवायला जागा लागते, आणि आमच्या घरातली सगळी जागा मामंजींच्या पुस्तकांनी अडवली होती.

"अहो, बाबांना सांगा ना पोरीचा हात सोडायला."

"बाबांनी पस्तीस वर्षं शाळा चालवलीय."

"मग?"

"मग काय? मला शिफ्टला जायचंय."

झालं, एवढंच.

मी चौथी पास. पुढं आमच्या गावात शाळा नव्हती आणि घरात चार धाकटी भावंडं होती, विषय संपला. त्याबद्दल मी कधी रडत बसले नाही. पण मंगल तेव्हा तिसरीत होती, आणि हात बांधायला लागल्यापासून तिचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून वहीवर फिरावी तसं झालं होतं. सहामाहीला तिनं पेपर कोराच दिला. बाईंनी विचारलं, "का गं, काहीच येत नाही?" तर म्हणाली, "येतं. पण लिहिणारा हात आजोबांनी घरी ठेवलाय." आणि एक दिवस तांदळाच्या डब्यामागं दप्तर लपवून मला म्हणाली, "आई, मी आता शाळेत नाही जाणार. तू तरी कुठं गेलीस?"

मी दप्तर ओढून बाहेर काढलं. मी चौथीत सुटले आणि ही तिसरीत सुटायला निघाली. आमचं घराणं मागं मागं चाललं होतं!

मामंजींशी बोलून उपयोग नव्हता, कारण ते उत्तर देत नसत, पुस्तक देत. कुणी काहीही अडचण सांगावी, मामंजी उठणार, कपाट उघडणार आणि म्हणणार, "हे वाच. दृष्टी बदलेल." समोरच्या बाईंच्या गुडघ्याला सूज आली, पुस्तक. दूधवाल्याची म्हैस आटली, पुस्तक! (दूधवाला बिचारा उत्तरेकडचा, त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यानं ते डोक्याला लावून देवाजवळ ठेवलं. म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली, हे मात्र खरं.) मलाही लग्न झाल्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्याच्या पहिल्याच पानावर मी तीन वेळा झोपले. मग ते लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवलं. माझ्या दृष्टीचं माहीत नाही, लोणचं फार चांगलं मुरलं.

एकदा हिय्या करून मी विचारलं, "मामंजी, डाव्या हातानं लिहिलं तर होतं काय हो?"

मामंजींनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता शाळा भरली. "सूनबाई, डाव्या हातानं लिहून कुणी मोठं झालंय, असं एका तरी पुस्तकात दाखव. मग बोलू."

मी कपाटाकडं पाहिलं. दोनेकशे पुस्तकं होती. सगळी उजव्यांनी लिहिली असणार. मी भाकऱ्या थापायला गेले.

असं चाललेलं असताना मध्येच हौसाबाई आली. हौसाबाई खाडीलगतच्या जुन्या गावातली. पाटी घेऊन आमच्या इमारतीत मासळी विकायला यायची. माझी तिची चांगली गट्टी. एका दुपारी पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "अगो सुमन, आज आमचे गावदेवीची जत्रा हाय. पडद्यावर पिक्चर लावनार हायेत. चल गो, नवऱ्याच्या भाकऱ्या काय पलून जानार हायेत?"

भाकऱ्या पळून जात नाहीत, पण त्या कराव्या लागतात. त्या उरकून मी पोहोचले तोवर पिक्चर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. देवळापुढच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना मोठा पांढरा कपडा ताणून बांधला होता. पलीकडं बाप्यांची ही गर्दी, आणि अलीकडं देवळाच्या ओट्यावर बायका. हौसाबाईनं मला दंडाला धरून खाली बसवलं, हातावर शेंगा ठेवल्या.

कपड्यावरचा पिक्चर मी पहिल्यांदाच बघत होते. दोन्हीकडं माणसं बसलेली बघून मला वाटलं, असेल भाकरीसारखा, दोन्ही बाजूंनी सारखाच. एवढाच विचार आला आणि पुढच्या क्षणी गेला. कारण पडद्यावर एक देखणी डॉक्टरीण होती आणि ती औषधाची चिठ्ठी लिहीत होती. डाव्या हातानं!

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

मग मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. डॉक्टरीण डाव्या हातानं नाडी बघत होती. डाव्या हातानं सुई टोचत होती. नवऱ्याला पत्र लिहिलं, तेही डाव्या हातानं, आणि उजवीकडून डावीकडं! मला ते वाचता येईना. म्हटलं, उर्दू असणार. केवढी शिकलेली बाई! पदर तिच्या उजव्या खांद्यावर होता, म्हणजे माहेर गुजरातेतलं असावं. तिच्या सासऱ्याच्या मोटारीचं चाक डाव्या बाजूला, म्हणजे मोटार विलायती, घर बड्या लोकांचं. दुकानांच्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या, पण त्याचं मला नवल वाटलं नाही. चौथी पास बाई, न वाचता येणाऱ्या पाट्या बघतच मोठी झाले.

तिचा नवराही डाव्या हातानं जेवत होता. मला वाटलं, बायकोवरच्या प्रेमापोटी! (आमचे हे मला पाण्याचा तांब्या कुठल्याच हातानं देत नसत.) देवळातल्या पुजाऱ्यानं डाव्या हातानं आशीर्वाद दिला तेव्हा मात्र मी जराशी चमकले. पण पुढं तो पुजारी खलनायकाला सामील निघाला. म्हटलं, बरोबर आहे, हलकट माणूस, कुठल्याही हातानं आशीर्वाद देईल.

तर त्या डॉक्टरणीला सासरा घराबाहेर काढतो. का काढतो, ते शेजारच्या पोराच्या पिपाणीमुळं ऐकू आलं नाही. पण ऐकायचं काय त्यात? कारण मला ढळढळीत दिसत होतं! आणि शेवटी त्याच सासऱ्याच्या पोटात गोळी लागते, दुसरा डॉक्टर मिळत नाही, आणि ती सून येऊन त्याच डाव्या हातानं त्याचं पोट फाडून गोळी बाहेर काढते. सासरा रडतो. मी पण रडले. आईबापाच्या मरणाला मी इतकी रडले नव्हते.

घरी आले ती थेट मामंजींच्या समोर उभी राहिले.

"मामंजी, पुस्तक नाही, पण एक पिक्चर आहे. तो बघा. दृष्टी बदलेल."

त्यांचंच वाक्य त्यांना परत दिल्यावर मामंजींचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांची टोपी घालून आले होते. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. सासऱ्याचं पोट फाडतात तिथं त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"डॉक्टर आहे म्हणतेस?"

"मोठी डॉक्टर. उर्दूसुद्धा येतं तिला!"

"आणि लिहिते डाव्या हातानं?"

"माझ्या ह्या दोन डोळ्यांनी पाहिलं."

मामंजींनी माझ्या दोन्ही डोळ्यांकडं निरखून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. त्या बाईला डाव्या हातानं लिहिताना मी माझ्या डोळ्यांनी पाहीन, त्या दिवशी ही रिबीन मी माझ्या हातानं सोडीन. पण सूनबाई, तसं नसलं, तर या विषयावर या घरात पुन्हा तोंड उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. एवढी बेधडक मी लग्नाला पण हो म्हटलं नव्हतं.

आता तो पिक्चर मामंजींना दाखवायचा कसा? थेटरातून तो कधीच गेला होता. पण आमच्या सोसायटीची दरवर्षी सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि संध्याकाळी इमारतीपुढच्या मैदानात पडद्यावर पिक्चर असायचा. कुठला, ते सेक्रेटरी ठरवायचे. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे धुरीभाऊ. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"वहिनी, टेन्शन देऊ नका," धुरीभाऊ म्हणाले. "पोरांना मारामारीचा पाहिजे. मी पण मारामारीवालाच आहे."

"ह्यात गोळी लागते."

"किती जणांना?"

"एकालाच. पण पोटात लागते."

"एकानं काय होतंय वहिनी!"

मग मी बायकांना हाताशी धरलं. तेव्हा रॉकेलसाठी दोन-दोन तास रांगेत उभं राहावं लागायचं. त्या रांगेत मी रोज डॉक्टरणीची गोष्ट सांगायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, दर खेपेला डॉक्टरीण थोडी वाढत गेली. पहिल्या दिवशी ती डाव्या हातानं लिहीत होती. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं पोळ्या लाटायला लागली. चौथ्या दिवशी तिनं खलनायकाला डाव्या हाताची अशी ठेवून दिली की पुढची बाई रॉकेलच्या डब्यासकट मागं सरकली! आठवड्याभरात सगळ्या इमारतींत एकच बोलणं. "डावऱ्या डॉक्टरणीचा पिक्चर लावा!" ज्यांच्या घरी उजवी पोरं होती, त्यांनापण तो बघायचा होता. धुरीभाऊंच्या बायकोनं दोन दिवस त्यांना नुसता वरणभात वाढला. तिसऱ्या दिवशी धुरीभाऊ आमच्या दारात.

"वहिनी, लावतो. पण बोअर निघाला तर नाव तुमचं सांगणार."

"खुशाल सांगा! सगळ्यांचे डोळे उघडतील."

मंगलला तर मी दर रात्री झोपताना सांगत होते. ती बोटं मोजायची, किती दिवस राहिले. एकदा म्हणाली, "आई, ती डॉक्टरीण लहान होती तेव्हा तिला कशानं बांधायचे? रिबिनीनं का सुतळीनं?" मी म्हटलं, झोप आता.

पूजेचा दिवस आला. प्रसाद झाला, तीर्थ झालं, आणि दिवेलागणीला मैदानात पडदा बांधला. एक टोक फाटकाच्या खांबाला, एक टोक दिव्याच्या खांबाला. पुढं सतरंज्या, खुर्च्या. पडद्यामागं सायकली लावायची जागा होती, तिथं पोरांचा गोंधळ. मंगल तिकडंच पळाली. हौसाबाईला मी खास बोलावलं होतं, तीपण नऊवारीचा ओचा सावरत तिकडंच गेली. म्हटलं, "अगं हौसा, पुढं ये, तुला खुर्ची ठेवलीय." ती म्हणाली, "नको गो. खुर्चीवर बसून कोन बगतो? आमी आपली नेहमीसारखी हितंच बरी."

मामंजींना मी पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. ते धुतलेलं धोतर, कोट, टोपी घालून आले होते, परीक्षेला इन्स्पेक्टर यावा तसे. शेजारी मी. माझ्यापलीकडं हे. मागं पाचेकशे माणूस, सगळं माझ्या शब्दावर आलेलं. मला वाटलं, आपण चौथीच शिकलो ते बरं झालं, जास्त शिकलो असतो तर काय केलं असतं!

मशीन घरघरलं. नावं आली. मग डॉक्टरीण आली.

पदर डाव्या खांद्यावर. मी मनात म्हटलं, बदलला असेल, बाई आहे, कधी असा घेते कधी तसा.

सासऱ्याची मोटार आली. चाक उजवीकडं. म्हटलं, श्रीमंत लोक, मोटारी दोन असतील.

पुजाऱ्यानं उजव्या हातानं आशीर्वाद दिला. म्हटलं, सुरुवातीला सज्जन असेल, नंतर बिघडला असेल.

मग नवरा जेवायला बसला. उजव्या हातानं! तरी मी मामंजींच्या कानात म्हटलं, "आत्ता लिहील हं. थांबा."

आणि डॉक्टरणीनं कागद पुढं ओढला, टाक उचलला, आणि उजव्या हातानं घडाघडा लिहायला लागली. उर्दू नाही नि फिर्दू नाही. स्वच्छ बाळबोध हिंदी, मलासुद्धा वाचता येत होतं!

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढला.

मी ताडकन उठले. "थांबवा! ओ मशीनवाले, थांबवा! पिक्चर उलटा लावलाय तुम्ही!"

आता मी उभी राहिले ती नेमकी मशीनच्या उजेडात. पडद्यावर डॉक्टरणीच्या अंगावर माझी पंधरा फूट सावली, अंबाड्यासकट. मागून ओरडा सुरू झाला. "ओ वहिनी, खाली बसा!" "कोण आहे ती?" "व्हिलन आली, व्हिलन!"

मशीनवाल्यानं मशीन बंद केलं, दिवा लावला. "काय झालं वहिनी?"

"रीळ उलटं आहे. ही बाई डावरी आहे! मी पाहिलंय!"

"वहिनी, रीळ उलटं असतं तर तिचे पाय वर आले असते."

"पाय सरळ आहेत, हात उलटा आहे!"

"असं एकटा हात कसा उलटा होईल?"

"ते मला काय विचारता? मशीन कुणाचं आहे?"

धुरीभाऊ धावत आले. "वहिनी, टेन्शन घेऊ नका, बसा. पण खरंच डावरी आहे का ती?"

"विचारा हौसाबाईला! आम्ही दोघींनी एकत्र बघितला!" आणि मी पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "हौसा! ए हौसा! सांग यांना, डॉक्टरीण डावरी होती का नव्हती?"

पडद्याच्या कडेनं हौसाबाईचं डोकं बाहेर आलं. पाचशे माणसं तिच्याकडं बघायला लागली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं, आणि कपाळावर हात मारला.

"अगो येडे! आपन पडद्याचे पाठीमागं बसलो व्हतो! पाठीमागून बगितल्यावर समदीच डावरी दिसतान! हितं ये नि बग, अजून पन डावरीच हाय ती!"

मग जे हसणं उसळलं, ते मला वाटतं खाडीपलीकडं मुंबईत ऐकू गेलं असेल. माणसं सतरंजीवर आडवी झाली. मशीनवाला मशीनला धरून हसत होता. गुडघ्याला सूज आलेल्या समोरच्या बाई गुडघा विसरून उड्या मारत होत्या. यांनी तर उठून चार खुर्च्या सोडून दुसरी जागा घेतली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं, "कोण हो ती बाई?"

मी खाली बसले. बाजूला बघायची हिंमत नव्हती. माझ्या इभ्रतीचं मला काही वाटत नव्हतं. खेड्यातून आलेल्या बाईला ती बेताचीच असते. पण कबूल केलं होतं मी. आता तोंड उघडायचं नव्हतं. पोरीचा हात माझ्या मूर्खपणानं कायमचा बांधला गेला होता. आधी निदान भांडता तरी येत होतं!

पिक्चर पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बघते तर मामंजी उठून, आपली घडीची खुर्ची काखेत मारून, तरातरा निघाले होते. म्हटलं, गेले घरी. आता रिबीन काय, दोरखंड आणतील.

मी तशीच बसून राहिले. गोष्ट उजव्या बाजूनं बघितल्यावर कळलं की सासरा तिला हाताबिताकरता नाही, हुंडा आणला नाही म्हणून हाकलतो. म्हणजे रॉकेलच्या रांगेत मी महिनाभर जे सांगितलं, त्यातलं फक्त पोटातली गोळी तेवढी खरी होती.

मध्ये रीळ बदलायला दिवा लागला, तेव्हा मी मंगलला शोधायला पडद्यामागं गेले. आणि बघते तर काय! सायकलींच्या मधोमध घडीच्या खुर्चीवर मामंजी, कोट-टोपीसकट. मांडीवर मंगल. एका बाजूला हौसाबाई त्यांना शेंगा सोलून देत होती.

"मामंजी, तुम्ही इथं?"

"श्शू," मामंजी म्हणाले. "तिचा सासरा संकटात सापडलाय. आता पुढचं रीळ लागेल, बघू दे."

मी पण तिथंच खाली बसले. पुन्हा एकदा सगळे डावरे झाले. नवरा डाव्या हातानं जेवला, पुजाऱ्यानं डावा हात वर केला, सासऱ्यानं डाव्या हातानं मोटारीचं दार उघडलं, आणि डॉक्टरणीनं डाव्या हातानं त्याचं पोट फाडून गोळी काढली. मंगल ते बघत होती आणि तिचा डावा हात मांडीवर आपोआप हलत होता. मग तिनं मान वर करून आजोबांना विचारलं,

"आजोबा, यांच्या शाळेत कुणी मास्तर नव्हते का?"

मामंजींनी हातातली शेंग मंगलच्या ओंजळीत ठेवली. मी पहिल्यांदाच त्यांना पुस्तकाचं नाव न सांगता गप्प बसलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मंगल आपणहून खुर्चीशी जाऊन बसली, रिबीन हातात घेऊन. सवयच लागली होती. मामंजींनी रिबीन तिच्याकडून घेतली, घडी घातली आणि माझ्यापुढं धरली.

"ही वेणीला बांध."

मी बघतच राहिले. "पण मामंजी, ती डॉक्टरीण तर..."

"सूनबाई, अट काय होती?"

"तुम्ही तिला डाव्या हातानं लिहिताना पाहिलंत तर."

"पाहिलं. शेवटी ती सासऱ्याला औषधाची चिठ्ठी लिहिते ना, डाव्याच हातानं लिहिते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं." त्यांनी चष्मा घातला. "मी कुठं बसून पाहायचं, ते काही ठरलं नव्हतं."

पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, शब्दाला पक्का. म्हणून सोडली, की नातीच्या प्रश्नाचं उत्तर एकाही पुस्तकात सापडलं नाही म्हणून सोडली, मी विचारलं नाही. मिळालं ते घ्यावं आणि स्वयंपाकाला लागावं, असा माझा स्वभाव. पण त्या दिवसापासून मामंजींनी दृष्टी बदलायला लोकांना पुस्तक देणं कमी केलं. कुणी सल्ला विचारायला आलं, की आधी त्याला म्हणत, "जरा पलीकडून बघून ये." (दूधवाल्याला हे नीट कळलं नाही. तो गॅलरीतून बघून आला.)

माझी मात्र कायमची शोभा झाली. पुढं कितीतरी वर्षं मी कुणाला सहज म्हटलं, "तो अमका पिक्चर चांगला आहे हं, बघा," की समोरचा लगेच विचारायचा, "वहिनी, पुढून का मागून?" वहिनीची मावशी झाले, मावशीची आजी झाले, प्रश्न तोच राहिला. हे जाईपर्यंत मला टीव्हीच्या मागं वाकून बघायला सांगत होते. त्यांचं तेवढं एक मत शेवटपर्यंत टिकलं.

मंगल आता खांदेश्वरला राहते. शाळेत गणित शिकवते, फळ्यावर डाव्या हातानं, आणि अक्षर असं की छापल्यासारखं. गेल्या महिन्यात तिच्याकडं पूजा होती. व्याही, विहीण, शेजारीपाजारी, चांगलं घरभर माणूस. मंगल सगळ्यांना प्रसादाचा शिरा वाढत होती. माझ्यापुढं आली, डाव्या हातानं चमचा भरला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"अगं, चार लोकांत डाव्या हातानं काय देतेस! उजव्या हातानं दे की!"

मंगलनं चमचा तसाच डाव्या हातात धरला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं,

"आई, मध्ये चादर बांधू का?"

मी मुकाट्यानं हात पुढं केला. (उजवा.)